लसीची गाडी फडावर किती वाजता येते?

फिरत्या पथकाची गाडी सकाळी अकराला ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर पोहोचली, तर कोप्यांत बहुधा भेटतात ती धाकट्यांना सांभाळणारी आठ-दहा वर्षांची पोरं. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेले. लसीकरणाचं कार्ड पेटीत, पेटीला कुलूप, आणि बाळाला मांडीवर घेऊन बसेल असं मोठं माणूस एकही नाही. गाडी येऊन गेली एवढी नोंद मात्र होते.

फिरते दवाखाने राज्यकर्त्यांना आवडतात. हिरवा झेंडा दाखवता येतो, फोटो छापून येतो. वेळापत्रकाचा फोटो कोण काढणार? पण लसीकरणाचा आकडा हलतो तो वेळापत्रकाने.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या 134 गावांत हे तपासून झालं आहे. सेवा मंदिर या संस्थेसोबत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सरकारी सोयीवर भिस्त असलेल्या गावांत सगळे डोस पूर्ण झालेली मुलं होती 6 टक्के. जिथे पथक दर महिन्याला ठरल्या तारखेला न चुकता आलं, तिथे 18 टक्के. आणि त्याच शिबिरात दर डोसमागे किलोभर डाळ नि शेवटी ताटांचा संच दिला, तिथे 39 टक्के. डाळीला लाच म्हणणारे म्हणोत. मजुरी बुडवून आलेल्या बाईला ती लाच वाटत नाही. शिवाय पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागचा खर्च डाळ धरूनही निम्म्यावर आला. नर्सचा पगार तर पाच मुलं आली काय नि पंधरा आली काय, तेवढाच.

महाराष्ट्राने प्रगती केलीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पूर्ण लसीकरण 2015-16 मधल्या 56 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 73 टक्क्यांच्या पुढे गेलं. तरीही 2022 च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला. उरलेली मुलं विखुरलेली आहेत: झोपडपट्टीत, पाड्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि फडांवर.

बीड जिल्ह्यात ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेलं बाळ घ्या. सहाव्या आठवड्याचा डोस सप्टेंबरअखेर गावात होतो. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे येतात तेव्हा कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागलेलं असतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस मे महिन्यात घरी मिळतो; दुसऱ्याची वेळ येते डिसेंबरात, म्हणजे पुन्हा फडावर. गावातल्या आशाताईंच्या यादीत हे बाळ 'बाहेरगावी', आणि कारखान्याजवळच्या यादीत ते नाहीच.

मजूर कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं, असंही नाही. कोणती टोळी कोणत्या मुकादमाची आणि आज कुणाच्या उसात, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला बिनचूक माहीत असतं. नाहीतर गाळप थांबेल. तोच तोडणी कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्राला दर आठवड्याला मिळाला पाहिजे. सत्र संध्याकाळी, कोप्यांवर चुली पेटल्यावर, ठरल्या वारीच व्हावं. शीतपेटीतल्या लसीला तेवढा उशीर सोसतो, आरोग्यसेविकेला त्याचा भत्ता आणि परतीची गाडी मिळायला हवी. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं सरकारने ठरवलेलंच आहे. त्यातून संध्याकाळच्या पाळीचा भत्ता निघेल, आणि किलोभर तूरडाळही.