पिवळ्या रेघेचे कोडे

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता एखादे मूल संगणकाची भाषा शिकत असते. आईबापांना त्या विद्येतील ओ की ठो कळत नाही. म्हणून मूल पडद्यापुढे कपाळाला हात लावून बसले, तर ते आळसाने बसले आहे की अडून बसले आहे, हेही त्यांना उमगत नाही. असाच एक प्रसंग नुकताच आमच्या पाहण्यात आला.

शेजारची मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात आहे. तिला पायथॉन ही भाषा अभ्यासास आहे. वडिलांनी भात विकून आलेल्या पैशांतून एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला होता आणि त्यावर तिने व्हीएस कोड नावाचा एडिटर बसविला होता. आम्ही गेलो तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "काका, पुस्तकातली ओळ पाच वेळा जशीच्या तशी लिहिली, तरी हे खाली पिवळी रेघ ओढतं. मला हे जमायचं नाही." आतून आई म्हणाली, "भाऊ, नसेल डोक्यात शिरत तर सोडू दे. शिवणकाम तरी शिकेल."

आम्ही ओळ पाहिली. नमपाय हे गणिताचे पॅकेज मागविणारी ती साधी ओळ होती, आणि तीत काना-मात्रेचीही चूक नव्हती.

मग रेघ का? हे समजण्यास त्या पडद्यामागे कोण कोण बसले आहे ते पाहिले पाहिजे. एडिटर ही केवळ लिहिण्याची पाटी होय. पायथॉनचे व्याकरण ती जाणत नाही. ते जाणतो तो एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला मागाहून जोडावयाचा भाग. परंतु खुद्द पायथॉन एक्स्टेन्शनच्याही पोटात नसतो. प्रोग्राम चालविणारा इंटरप्रिटर, म्हणजे शब्दशः दुभाष्या, संगणकावर निराळा बसवावा लागतो. या तिघांची एकमेकांशी ओळख करून देणे हेच खरे काम आहे, आणि नवशिके अडतात ते बहुधा इथेच.

पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा जोडभाग निरनिराळा लिहावा लागे. दहा एडिटर आणि दहा भाषा असल्या की शंभर जोडभाग! 2016 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला. आता भाषेचा जाणकार स्वतंत्र प्रोग्राम म्हणून मागे बसतो, एडिटर त्याला मजकुरातील बदल कळवीत राहतो, आणि कोठे रेघ ओढावयाची ते तो परत सांगतो. शंभराचे काम विसांवर आले. पायथॉनसाठी 2020 पासून हे काम पायलान्स करतो, आणि पायथॉनचे एक्स्टेन्शन घेतले की तोही बरोबर येतो.

ज्यांना आरंभापासून करावयाचे आहे त्यांनी प्रथम पायथॉन त्याच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घ्यावा. नंतर एडिटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स् या कळा एकदम दाबल्या की एक्स्टेन्शनांचे दालन उघडते. तेथे पायथॉन शोधून 'इन्स्टॉल' दाबावे. पण दाबण्यापूर्वी प्रकाशकाचे नाव वाचावे, एवढा आमचा आग्रह आहे. मायक्रोसॉफ्ट हे नाव आणि त्याशेजारी निळी खूण दिसली पाहिजे. एडिटरला संगणकावर जे जे करता येते ते ते सर्व एक्स्टेन्शनलाही करता येते. ते आपल्या फायली वाचू शकते, पुसूही शकते. दारावर आलेल्या अनोळखी माणसाला आपण कोठाराची किल्ली देतो काय? 2025 पासून नव्या प्रकाशकाचे एक्स्टेन्शन घेताना एडिटर स्वतःच विचारतो की, यावर तुमचा विश्वास आहे काय? मुले न वाचताच 'होय' दाबतात. कागद न वाचता सही करणारी मोठी माणसे आम्ही पाहिली आहेत, तेव्हा मुलांनाच बोल लावण्यात अर्थ नाही.

आता त्या मुलीकडे वळू. आम्ही तिला तोच प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालवून पाहावयास सांगितले. तो बिनतक्रार चालला! म्हणजे नमपाय संगणकावर होता, पण एडिटरला तो दिसत नव्हता. पायथॉनची फाईल उघडी असता पडद्याच्या तळाशी उजवीकडे आवृत्तीचा आकडा दिसतो. तेथे 3.8 होते, तिने बसविलेला पायथॉन तर 3.12 होता. लॅपटॉपच्या पहिल्या मालकाचा जुना पायथॉन तसाच राहिला होता आणि एडिटरने त्यालाच दुभाष्या मानले होते. नमपाय नव्याच्या घरी, आणि चौकशी जुन्याच्या दारी!

कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून तिने 'पायथॉन : सिलेक्ट इंटरप्रिटर' ही आज्ञा काढली आणि यादीतून 3.12 निवडला. क्षणभराने रेघ नाहीशी झाली. पुढे असा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरला 'क्रिएट एन्व्हायरन्मेंट' या आज्ञेने स्वतःचे वेगळे वातावरण करून द्यावे, म्हणजे एका कामाची पॅकेजे दुसऱ्याच्या कामात मिसळत नाहीत. हे तिला सांगून आम्ही उठलो.

उंबऱ्यापाशी आलो तोच मागून "अगो बाई!" असे ऐकू आले. आता तांबडी रेघ उमटली होती. आम्ही परत फिरलो, पण तोवर तिने ओळ निरखून राहिलेला कंस मिटविलाही होता. ही चूक खरोखरीच तिची होती. ती आमच्याकडे न पाहता पुढची ओळ लिहू लागली, आणि आई तिच्या खांद्यामागे येऊन पडद्याकडे पाहत उभी राहिली.