गाडीची जन्मखूण

नंबरपाटी म्हणजेच गाडीची ओळख, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. ‘एमएच १२’ अशी आरंभाचीं अक्षरें दिसलीं म्हणजे गाडी पुण्याच्या दफ्तरीं नोंदलेली आहे, एवढें कळतें. परंतु पाटी ही गाडीस बाहेरून जोडलेली वस्तु आहे; गाडी कायमची परराज्यांत नेली तर ती कायद्यानेंच बदलावी लागते. ज्या क्रमांकासह गाडी कारखान्यांतून बाहेर पडते आणि ज्यासह ती अखेरीस भंगारांत जाते, तो क्रमांक निराळाच. लोक त्यास चेसिस नंबर म्हणतात.

महाराष्ट्रांत १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या गाड्यांस उच्च सुरक्षेची नवी पाटी लावण्याचा हुकूम निघाला, तेव्हां आमच्या हडपसरांतील कित्येक घरांत या क्रमांकाचा प्रथमच शोध सुरू झाला. कारण अर्ज भरतांना चेसिस व एंजिन या दोहोंच्या क्रमांकांचीं शेवटचीं पांच अक्षरें विचारलीं जातात. बहुतेकांनीं तीं आर.सी. बुकांतून उतरून घेतलीं व काम भागलें. गाडीच्या अंगावर तोच क्रमांक आहे कीं नाहीं, हें मात्र फारच थोड्यांनीं पाहिलें. आमचें आजचें लिहिणें त्याकरितांच आहे.

हा क्रमांक कोठें सांपडतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२२ व्या नियमाप्रमाणें तो गाडीवर ठोकून उमटविलेला असावा लागतो. कांहीं गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर एंजिनामागच्या पत्र्यावर दिसतो, कांहींत पुढील आसनाखालीं, सतरंजीचा तुकडा उचलल्यावर. पुढच्या कांचेच्या खालच्या कोपऱ्यांत अथवा दाराच्या खांबावरील चिठ्ठीवरही तो पुष्कळदां छापलेला असतो; परंतु चिठ्ठी निघूं शकते, म्हणून धातूवरील ठसाच प्रमाण मानावा. दुचाकीवर तो बहुधा हँडलच्या दांड्यापाशीं, सांगाड्याच्या मानेवर असतो. नेमकी जागा गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेंत दिलेली असते.

आतां वाचन. या क्रमांकाचीं अक्षरें व अंक मिळून १७ भरतात. आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यांस हा आंकडा सहज लक्षांत राहतो, कारण मंदाक्रांतेच्या चरणांतही सतराच अक्षरें. तिला चार, सहा आणि सात असे विराम. या क्रमांकास तीन, सहा आणि आठ. पहिलीं तीन अक्षरें गाडी कोणी घडविली तें सांगतात. ‘एमएटी’ म्हणजे टाटा मोटर्स, ‘एमए३’ म्हणजे मारुति सुझुकी, ‘एमडी२’ म्हणजे बजाज ऑटो. मधलीं सहा गाडीचा प्रकार, बांधणी, एंजिन इत्यादींचें वर्णन करतात. शेवटचीं आठ त्या एकट्या गाडीचीं होत. तिचा अनुक्रमांक त्यांतच असतो.

दहाव्या स्थानावर बहुधा वर्षाची खूण येते. २००१ पासून २००९ पर्यंत १ ते ९ हे अंक, २०१० ला ‘ए’, २०११ ला ‘बी’, याप्रमाणें २०१७ ला ‘एच’, २०१८ ला ‘जे’ आणि २०२४ ला ‘आर’. दर तीस वर्षांनीं ही माळ पुन्हां आरंभापासून सुरू होते. कारखान्यापरत्वें खुणांच्या जागा बदलतात, म्हणून आर.सी. बुकांतील उत्पादनाचा महिना व वर्ष यांशीं ताळा पाहावा. सतरा अक्षरांची पद्धत रूढ होण्यापूर्वींच्या जुन्या मोटारींवर याहून आंखूड क्रमांक आढळतो. त्यास दोष समजूं नये.

एक नियम मात्र घरांतील मुलांकडूनही पाठ करून घ्यावा. या क्रमांकांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू हीं अक्षरें कधींच येत नाहींत. एक आणि शून्य यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून तीं मुद्दाम वगळलीं आहेत. म्हणून वाटोळें दिसेल तें शून्य, उभी रेघ दिसेल तो एक.

अक्षराचा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो किती महाग पडतो तें आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबानें अनुभविलें. वडिलांस औषधोपचारासाठीं नेण्याआणण्याकरितां तिघां भावांनीं मिळून जुनी मोटार घेतली. विम्याच्या कागदांत क्रमांकांतील पांचाच्या जागीं ‘एस’ पडला होता. पुढें सोलापूर रस्त्यावर गाडीस अपघात झाला, तेव्हां कागदावरील गाडी हीच कशावरून, असा प्रश्न निघाला. अखेर ठशाचा पेन्सिल-छाप देऊन दुरुस्ती झाली. पण दीड महिना मोटार गॅरेजमध्यें आणि वडील रिक्षांत, अशी स्थिति राहिली.

हा पेन्सिल-छाप मोठा उपयोगी आहे. नाण्यावर कागद ठेवून मुलें पेन्सिल घासतात, तीच ही युक्ति. जुनी गाडी घेतांना बयाणा देण्यापूर्वीं तो स्वतः घ्यावा आणि आर.सी. बुक, विमा व परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरील नोंद यांशीं अक्षर न् अक्षर जुळवावा. ठशाभोंवतीं कानस फिरविल्याच्या रेघा, नवा रंग, झाळकाम किंवा ओळ सोडून बसलेलें अक्षर दिसलें, तर भाव कितीही स्वस्त असो, तेथून उठावें. चोरीची गाडी असल्यास पैसा व गाडी दोन्ही जातात, आणि पोलीस ठाण्याच्या खेपा पदरीं येतात. ठसा गंजानें खरोखरच पुसला असेल, तर आर.टी.ओ.ची रीतसर परवानगी काढून तो पुन्हां उमटवून देण्याचें काम विकणाऱ्याचें. बँकेच्या कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, हेंही त्याच बैठकींत पाहावें. व्यवहार एकाच राज्यांतला असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत मालकी बदलाची खबर द्यावयाची असते. ती भिडेखातर लांबवूं नये.

घराचा उतारा पाहिल्याशिवाय आपण घर घेत नाहीं. मोटारीचा उतारा तिच्याच अंगावर कोरलेला आहे. तो वाकून वाचण्यास पांच मिनिटें पुरतात. वाचकांनीं येत्या रविवारीं तो आपल्या गाडीवर शोधावा, घरच्या वहींत उतरून ठेवावा आणि विम्याच्या कागदाशीं ताडून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.