मालकाच्या खिशातला चाकू

गेल्या महिन्यात आमचा धाकटा पुतण्या चार दिवस दांडीला येऊन गेला. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो. चहा होतो न होतो तोच त्याने खिशातून एक घडीचा चाकू काढून माझ्या हातात ठेवला. वजनाला हलका, मूठ काळी, एका बोटाने उघडतो, आणि खटका असा वाजतो की पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. किंमत विचारली आणि गप्प बसलो. माझा नोकरीतल्या पहिल्या दोन वर्षांचा पगार एकत्र केला असता तरी पुरला नसता.

"काका, या कंपनीचा मालक स्वतः रोज तीन चाकू घेऊन फिरतो. एक उजव्या खिशात, एक डाव्या खिशात, एक किल्ल्यांच्या जुडग्याला. लोक त्याला नेहमी विचारतात, आज कोणता?"

"आणि कापतो काय?" मी विचारलं.

पुतण्या जरा थांबला. "पार्सलं उघडतो म्हणे."

मंडळी, तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून टाकतो. पुतण्या हे वाचणार आहे, वाचू दे.

मालकाला 'तुझ्या खिशात कोणता चाकू?' असं विचारणं मला चूक वाटत नाही. उलट फार चांगला प्रश्न आहे. हलवायाला विचारावं, तू कुठली मिठाई खातोस? मास्तरला विचारावं, तुझी मुलं कुठल्या शाळेत? (हा शेवटचा प्रश्न विचारला की पुष्कळ मास्तर विषय बदलतात.) पण 'तीन, आणि रोज वेगवेगळे' हे उत्तर ऐकून गिऱ्हाइकाने माघारी फिरावं. ज्याला रोज चाकू बदलावा लागतो, त्याचा त्यातल्या एकावरही भरवसा नाही, किंवा त्याला चाकूचं कामच नाही.

आमच्या किनाऱ्यावर या. वारली माणसाच्या कमरेला लाकडी आकडी असते आणि तिच्यात एक कोयता. लाकडं तोडणं, कुडाचे कारवीचे दांडे तासणं, वाटेतली काटेरी फांदी बाजूला करणं, सगळं त्यानेच. ताडी काढणारा एकच सुरी घेऊन झाडावर चढतो. पोयीच्या टोकाचा कागदासारखा पातळ काप घ्यायचा, तोही सकाळ-संध्याकाळ. धार बोथट असली की टोक चेंगरतं आणि रस यायचा थांबतो. त्या माणसाला कोणी विचारत नाही, आज कोणती सुरी आणलीस?

होडीवर तर सुरी दोरीने बांधलेली असते. दोर पंख्यात अडकला, जाळं ओढ घेऊ लागलं, तर खिसे चाचपायला वेळ नसतो. आणि ती घडीची नसते. घडीच्या सांध्यात खवलं, चिकटा आणि मीठ जातं, सांधा गंजतो, नेमक्या वेळी उघडत नाही. पातं साध्या पोलादाचं असतं, कारण ते गंजलं तरी दगडावर दहा मिनिटांत धार येते. महागातलं कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं हे खरं, पण एकदा गेली की परत आणताना घाम निघतो. हे शास्त्र होडीवरच्या निरक्षर माणसाला ठाऊक होतं.

घोळ मासा उघडताना बघावं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मुरब्यातल्या एका बोटीला दीडशेवर घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. ही किंमत मुख्यतः बोताची, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची. ती फाटू न देता काढायची असते. लाखाची वस्तू आणि काढायला काही रुपयांची सुरी! पण हात वर्षानुवर्षं त्याच सुरीवर बसलेला असतो.

बोईसर-चिल्हार रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडायची. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद भट्टीत लाल करायचं, नवऱ्याने सांडशीत धरायचं आणि बाईने घण मारायचा. एकदा विळी घ्यायला गेलो होतो. समोर सात-आठ नव्याकोऱ्या सुऱ्या मांडलेल्या, आणि बाई कांदा कापत होती एका झिजून करंगळीएवढ्या उरलेल्या पात्याने. म्हटलं, "एवढ्या नव्या असताना ही कशाला?" ती म्हणाली, "त्या तुमच्यासाठी. ही मला कळती." मालकाच्या खिशातल्या चाकूबद्दल याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. शिवाय तिने केलेलं पातं इतकं झिजेपर्यंत टिकतं, ही जाहिरात आपोआप झाली. मी तिच्याकडून विळीबरोबर सुरीही घेतली.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही गरिबीचे गोडवे गाताय. तसं नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. एकाच मुठीत पातं, टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि पेचकस. सैनिकाला चार वस्तू वागवाव्या लागू नयेत म्हणून केलेली ती सोय होती. चैनीची वस्तू ती पुढे झाली.

आणि आपल्या मुंबईचे अर्देशीर गोदरेज? कुलुपांच्या आधी, १८९५ च्या सुमारास, त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली होती. चिमटे, कात्र्या, सुऱ्या. मुंबईतल्या ब्रिटिश पेढीला माल पसंत पडला, पण त्यावर हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का नको होता. शिक्का काढायचा नाही म्हणून अर्देशीरांनी तो धंदाच सोडला आणि १८९७ मध्ये कुलुपांकडे वळले. ते काही सर्जन नव्हते, खिशात सुरी घेऊन फिरत नव्हते. पण पात्यावर काय लिहिलंय याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. पुतण्याच्या चाकूवर नाव एका देशाचं वाटतं, आणि भिंग लावून पाहिलं तर बनवलाय दुसऱ्याच देशात. मालकाने तीन चाकू मिरवण्यापेक्षा तेवढं एक मोठ्या अक्षरांत लिहावं.

पुतण्याने प्रतिवाद केलाच. "काका, तुमच्या टेबलावर सात फाउंटन पेनं आहेत. लिहिता एकानेच." बरोबर आहे. सहा वाळून पडलीत. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण मी ती सहा 'रोजची पेनं' म्हणून कोणाला दाखवत नाही.

आता स्वतःबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हे लिहायचा मला अधिकार नाही.

शाळेत असताना आठवीतल्या एका मुलाच्या कमरेला दोरीने बांधलेली लहानशी सुरी सापडली. मी ती काढून घेतली, त्याला वर्गासमोर उभं केलं आणि 'गुंड होणार तू' म्हणालो. पोरगा पहाटे बापाबरोबर होडीवर जाऊन तसाच शाळेत आला होता. सुरी सोडायची राहिली होती. संध्याकाळी बाप आला. म्हणाला, "गुरुजी, पोराला काय ती शिक्षा करा, पण सुरी द्या. होडीवर तेवढी एकच आहे." मी सुरी दिली. त्या वर्षी मुलाने शाळा सोडली. माझ्यामुळेच सोडली असं नाही, घरची कारणं होती. पण मी बोललेला शब्द त्याच्याबरोबर गेला, एवढं मला माहीत आहे.

कायदासुद्धा माझ्याहून शहाणा निघाला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला हत्यार धरतात, आणि तिथेही घरकामाची, शेतीची, धंद्याची अवजारं वगळतात. म्हणजे कायदा विचारतो, कशासाठी? मी विचारलं नव्हतं. शाळेत सुरी आणू नये हे आजही माझं मत आहे. पण काढून घेताना विचारायला हवं होतं.

माझं भांडण आहे ते इथे. कमरेला एक कोयता लावून कामावर निघालेल्या माणसाकडे आपण संशयाने बघतो, आणि खिशात तीन चाकू घालून पार्सल उघडणाऱ्याला शौकीन म्हणतो. हे उलटं झालंय.

जायच्या दिवशी सकाळी मी पुतण्याला म्हटलं, हा सुरण सोलून दे तुझ्या चाकूने. त्याने सुरणाकडे पाहिलं, चाकूकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका, मातीने पातं खराब होईल हो." मी घिसाडणीची सुरी पुढे केली. खाजेला घाबरत, हाताला तेल चोळून, पाऊण तासात त्याने सोलला. एकदा बोटही कापलं. घरी जाताना सुरी मागून घेऊन गेला.

परत देणार आहेस ना रे? घरात तेवढी एकच आहे.