नाटक फक्त संमेलनापुरतेच का?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गातून आठ-दहा जणांची नाटकासाठी निवड होते. ज्यांचा आवाज खणखणीत आणि पाठांतर पक्के, तेच दरवर्षी राजा, प्रधान नाही तर राजकन्या होतात. एखाद्या बुजऱ्या मुलाची वर्णी लागलीच, तर त्याच्या वाट्याला झाड किंवा भालदार येतो. उरलेली मुले टाळ्या वाजवतात. ज्याला बोलण्याची संधी सर्वांत जास्त हवी असते, नेमकी त्यालाच ती मिळत नाही.

संमेलनातले नाटक वाईट, असे मुळीच नाही. पण ते पाहणाऱ्यांसाठी असते. वर्गात, रोजच्या तासाला होणारे नाटक करणाऱ्यांसाठी असते. तिथे पडदा नसतो, रंगरंगोटी नसते, पाठ केलेली वाक्ये नसतात. प्रेक्षकच नसल्यामुळे फजितीची भीतीही कमी असते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी गोष्ट, खेळ आणि नाटक यांना शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे मोठे काम उभे केले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1989 मध्ये खास शालेय शिक्षणासाठी नाट्यपथक स्थापन केले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नाट्यकलेचा विचार केला आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही कलेची सांगड इतर विषयांशी घालण्यावर भर दिला. प्रश्न उरतो तो एवढाच, की पस्तीस मिनिटांच्या तासात हे करायचे कसे?

इतिहासातला दांडी यात्रेचा धडा घ्या. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि 5 एप्रिलला दांडीला पोहोचले. मुले तारखा पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण त्या आंदोलनात गुजरातेतल्या अनेक गावच्या पाटलांनी सरकारी कामाचे राजीनामे दिले होते. अशाच एका पाटलाला वर्गात आणून बसवा. एक विद्यार्थी खुर्चीत बसेल, बाकीचे गावकरी होऊन त्याला प्रश्न विचारतील. राजीनामा का दिलात? जमीन जप्त झाली तर खाणार काय? घरी बायकोला काय सांगितलेत? उत्तर द्यायचे तर धडा वाचावाच लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही. त्या माणसाच्या जागी उभे राहून विचारही करावा लागतो. मग दुसऱ्याला बसवा राजीनामा न देणारा पाटील म्हणून. त्याचीही काही बाजू असते, हे मुलांच्या तेव्हा प्रथमच लक्षात येते.

ब्रिटनमधल्या शिक्षणतज्ज्ञ डोरोथी हीथकोट (1926–2011) यांनी एक युक्ती रूढ केली. शिक्षकाने स्वतःच एखादी भूमिका घ्यायची, तीही अडाण्याची! बाई म्हणाल्या, ‘मी विलायतेहून नवा आलेला साहेब. मीठ कसे तयार करतात, ते मला समजावून सांगा,’ की एरवी गप्प बसणारा, पण मिठागराजवळ राहणारा मुलगा जाणकार होतो. त्या दिवशी वर्ग त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

मात्र काही पथ्ये पाळायला हवीत. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी. बाके हलत नसतील तर शेजारच्या दोघांनी बसल्या जागी संवाद करावा. टाळी वाजली की सर्वांनी गप्प व्हायचे, हा नियम आधीच ठरवावा. ज्याला बोलायचे नसेल त्याला बळजबरी करू नये. त्याने प्रश्न लिहून दिला तरी पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिका रूप, रंग किंवा जात पाहून वाटू नयेत. लठ्ठ मुलगा राक्षस आणि सावळी मुलगी मोलकरीण, अशी वाटणी झाली तर ते नाव त्या मुलाला शाळा सुटेपर्यंत चिकटते. खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपली भूमिका उतरवून ठेवावी, स्वतःचे नाव सांगावे आणि काय वाटले ते बोलावे.

‘अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ ही शिक्षकांची अडचण खरी आहे. शेजारच्या वर्गाची गोंगाटाची तक्रारही खोटी नसते. म्हणून प्रत्येक धड्याचे नाटक करूच नये. जिथे दोन माणसांचे पटत नाही किंवा कुणाला कठीण निर्णय घ्यायचा आहे, असा धडा निवडावा. पंधरवड्यातून एकदा झाले तरी खूप.

पालकही थोडा हातभार लावू शकतात. मूल घरी आले की ‘तुला कोणते काम मिळाले?’ असे विचारू नका. त्यात मुख्य भूमिकेची अपेक्षा दडलेली असते. त्याऐवजी विचारा, ‘तू आज कोण झाला होतास, आणि त्याला काय वाटत होते?’ दुसऱ्याला काय वाटते हे ज्या मुलाला सांगता येऊ लागले, त्याला स्वतःचे मन सांगणेही हळूहळू जमू लागते.