नावेला मोटर किती मोठी हवी?

विज्ञान प्रदर्शनात रिमोटवर चालणारी नाव मांडण्याची हौस आपल्या विद्यार्थ्यांत वाढते आहे, याचा आम्हाला आनंद वाटतो. जाम आणि कन्हान या नद्यांच्या मुलखातील मुलांना पाण्यावरचा प्रयोग सुचावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच लिहितो. नावेचा विचार मोटरपासून सुरू होतो. "सर्वांत मोठी कोणती?" असे विचारून नागपूरहून मोटर येते, मग तिला पेलेल अशी बॅटरी येते आणि नाव सर्वांत शेवटी. पालकांचा खर्च वाढत जातो. ज्याच्या घरी तेवढी सोय नाही, तो विद्यार्थी हुशार असूनही मागे राहतो.

खरे तर आपल्या संत्रा बागायतदारांना हे सांगावे लागू नये. तीन हॉर्सपॉवरपुरते पाणी असलेल्या विहिरीवर पाचची मोटर बसवली, म्हणून झरे वाढत नाहीत. विहीर लवकर उपसते आणि मोटर कोरडी चालते. नावेत विहिरीच्या जागी नावेचा तळ असतो, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाणी कापत जाणारी नाव स्वतःच लाट उठवते आणि एका वेगानंतर बहुतेक ताकद त्या लाटेतच खर्च होते. हा वेग नावेच्या लांबीवर ठरतो. ६० सें.मी. लांबीच्या, गोल तळाच्या नावेसाठी तो ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर येतो, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याइतका! दोन किलोच्या अशा नावेला आमच्या हिशेबाने १५-२० वॉट पुरतात. त्यापुढे मोटर वाढवली की नावेचे नाक वर जाते आणि मागून पाणी शिरते. शर्यतीची हलकी, सपाट तळाची नाव पाण्यावर उचलली जाते, तिला शेकडो वॉट लागतात. पण आपल्या हौदात तिला वळायलाही जागा नाही.

दुकानदार ३८०, ५४० असे आकडे सांगतात. ते ताकदीचे नाहीत, मोटरच्या डब्याच्या मापाचे आहेत. ३८० चा व्यास सुमारे २८ मि.मी., तर ५४० चा सुमारे ३६. त्याच ५४० मध्ये कमी वेटोळ्यांची मोटर सुसाट फिरते आणि भरमसाट करंट ओढते, जास्त वेटोळ्यांची सावकाश फिरते. जड नावेला ही सावकाश मोटरच बरी.

त्याहून मोठा घोळ पंख्याचा. ३० मि.मी. चा पंखा काढून त्याच घाटाचा ३६ मि.मी. चा लावला आणि फेरे तेवढेच ठेवायचे म्हटले, तर ताकद सुमारे अडीचपट लागते. मोटर दोषी ठरते, ती जळते पंख्यामुळे. म्हणून आधी लहान पंखा लावावा, नाव हौदात दोरीने बांधून मोटर चालवावी, अँमीटरवर करंट पाहावा आणि मगच पंखा वाढवावा. पंख्यात शेवाळ अडकले की करंट एकदम चढतो, तेव्हा फ्यूज हवाच.

बॅटरीचा हिशेब तर सातवीचा विद्यार्थीही करील. ७.२ व्होल्ट, ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अडीच अँपिअरवर तासाभराहून अधिक चालते. २५ अँपिअर ओढणारी मोटर तीच बॅटरी सात मिनिटांत रिकामी करते, आणि मग परीक्षक येईपर्यंत नाव काठाला!

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी नाव चालवून दाखवली. ती तारेविना सांगितल्याप्रमाणे वळली, याचेच लोकांना नवल वाटले. वेगाचे कोणी विचारले नाही. आपल्याकडे मात्र बक्षीस वेगालाच मिळते. हे बदलावे, असे आमचे मत आहे.

विश्वस्त मंडळास विनंती, की शाळेने मोठ्या मोटरी घेण्याऐवजी दोन चांगले अँमीटर आणि सर्वांना सारख्या बॅटऱ्या घ्याव्यात. एका चार्जिंगमध्ये हौदातील दोन डब्यांभोवती जी नाव जास्त फेऱ्या मारील, तिला पहिले बक्षीस द्यावे. लिथियम बॅटरी असल्यास तिचे चार्जिंग शिक्षकांसमोरच व्हावे, घरी रात्रभर लावून ठेवू नये. पालकांनी मोटर घेण्याआधी नावेची लांबी आणि वजन कागदावर लिहून आणावे. कोणती मोटर घ्यावी, ते आम्ही प्रयोगशाळेत बसून सांगू.