दिवस तिचा, हॉटेल कुणाच्या पसंतीचं?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, लेकीचा बारावीचा निकाल, सासूबाईंची पंचाहत्तरी, सुनेचं डोहाळजेवण... असा काही दिवस आला की कोल्हापुरातल्या घरांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आज कुठंतरी भारी हॉटेलात जाऊया!’ पूर्वी बाहेर खाणं म्हणजे खासबागेजवळची भेळ, नाहीतर रंकाळ्यावर फिरून येताना आईस्क्रीम. आता ताराबाई पार्क, राजारामपुरी, स्टेशन रोड, पुणे-बंगळूर महामार्ग, सगळीकडं एसी फॅमिली रेस्टॉरंटं दिसतात. तारांकित हॉटेलंही आली. रविवारी रात्री आधी फोन करून टेबल सांगितलं नाही, तर दारात नंबर लावून ताटकळावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सहा जिल्ह्यांची माणसं इथं कामासाठी येणार म्हटल्यावर हा धंदा वाढतच जाणार.

चांगलंच आहे की! पण मैत्रिणींनो, माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. हे ‘भारी हॉटेल’ निवडतं कोण? आमच्या भिशीत एकदा हा विषय निघाला. दहा-बाराजणी होतो. गेल्या वाढदिवसाला हॉटेलात गेलेल्या बऱ्याच होत्या, पण ‘हॉटेल मी ठरवलं’ म्हणणाऱ्या दोघीच निघाल्या. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं. ‘पोरांना तिथलं चायनीज आवडतं’, ‘ह्यांच्या ओळखीचा मालक आहे’, ‘दीरांनी परस्पर टेबल बुक केलं’. दिवस हिचा, केक हिच्या नावाचा आणि पसंती मात्र सगळ्या जगाची!

यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण बाईच्या दृष्टीनं हॉटेलातलं जेवण म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. त्यात असं दिसलं, की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचा आकडा आहे ८८ मिनिटं, आणि तोही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचाच! बाकीचे तर हिशेबातच नाहीत. पुरुषाला हॉटेलात चवीत बदल मिळतो. बाईला मिळतं ते वेगळंच. जेवण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एका जागी बसायला मिळतं. गरम भाकरी आपल्या ताटात कुणीतरी आणून वाढतं. ‘अजून काय देऊ?’ हा प्रश्न त्या दिवशी तिला विचारला जातो. वर्षातून दोन-चारदा येणारा हा प्रसंग आहे. म्हणून तो कुठं आणि कसा साजरा व्हावा, यात तिचा शब्द पहिला असायला हवा.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक गोम आहे. तांबडा-पांढरा रस्सा ही आपली शान. त्यामुळं वाढदिवस कुणाचाही असो, घरातनं आवाज येतोच, ‘तुझ्या हातच्या रश्श्याची सर कुठल्याच हॉटेलला नाही बघ!’ कौतुक खरं असतं, ऐकायला गोडही वाटतं. पण त्या कौतुकाचा अर्थ काय होतो? स्वतःच्या वाढदिवसालाही वाटण वाटायचं तूच, आणि सगळ्यांची ताटं झाल्यावर तळाचा रस्सा घेऊन बसायचंही तूच. मटणावर आपलं गाव किती जीव टाकतं, हे २०१९ च्या अखेरीला साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. दरवाढीविरुद्ध इथं चक्क आंदोलन झालं, बैठकांवर बैठका झाल्या. मटण किती रुपये किलो, यावर सगळं शहर बोललं. ते शिजवायचं कुणी, हा प्रश्न मात्र कुठल्याच बैठकीत आला नाही. तालमी-मंडळांच्या रस्सा पार्टीत हेच बाप्ये पातेलंभर रस्सा झकास करतात की! म्हणजे येत नाही असं नाही. घरात मात्र ते काम आपलं नव्हे, असं ठरून गेलंय, एवढंच.

हॉटेलात कुणी बसायचं आणि कुणासोबत, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित तरुणाला चहाचं हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवरच्या त्या हॉटेलचं नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक कचरत होते. तेव्हा महाराज स्वतः तिथं चहा घ्यायला जात आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. एका कपानं किती मोठं काम केलं! हॉटेल ही नुसती पोट भरायची जागा नाही, तिथं माणसाची पत ठरते, हे या शहरानं फार लवकर ओळखलं.

बाईच्या पतीचं काय झालं? कित्येक वर्षं तिच्या वाट्याला आली ती ‘फॅमिली रूम’. पडदा लावलेला, पंखा कुरकुरणारा कोपरा. बाहेरच्या हॉलमध्ये पुरुष ऐसपैस बसलेले आणि आत आपण पदर सावरून घाईघाईनं डोसा संपवतोय. आता पडदे गेले, पण सवय पुरती गेलेली नाही. एकटी बाई किंवा तिघी-चौघी मैत्रिणी रात्री नऊ वाजता चांगल्या रेस्टॉरंटमध्ये शिरल्या, की ‘सोबत कोण आहे?’ अशी नजर अजूनही फिरते. ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी दिसली की बाई दारातच थबकते. म्हणून तर ‘फॅमिली’ हा शब्द पाटीवर लागतो. पण बाई आली की फॅमिली, आणि फॅमिलीत बाईचा शब्द शेवटचा, हे गणित काही बदललेलं नाही.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी मेख तिथंच आहे. परदेशात उंची रेस्टॉरंटांमध्ये एक चाल होती. जोडप्यातल्या पुरुषाला दर छापलेलं मेन्यू कार्ड द्यायचं आणि बाईला बिनदराचं. पैसे तोच देणार, तिला कशाला सांगा! १९८० मध्ये लॉस एंजेलिसला एक उद्योजक बाई आपल्या भागीदाराला जेवायला घेऊन गेली. बिल तीच देणार होती. तरी दराचं कार्ड त्याला मिळालं आणि बिनदराचं हिला. तिनं सरळ कोर्ट गाठलं आणि त्या रेस्टॉरंटला ही चाल बंद करावी लागली. तरी २०१९ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात अशीच दोन प्रकारची कार्डं ठेवणाऱ्या एका रेस्टॉरंटला सरकारी ग्राहक संस्थेनं दंड ठोठावला.

आपल्याकडं उलटी तऱ्हा. आपल्या कार्डावर दर असतात आणि बाईला बऱ्याचदा तेवढेच दिसतात! मराठी डावीकडून उजवीकडं वाचतात, पण मध्यमवर्गीय बाई मेन्यू कार्ड उजवीकडून वाचते. आधी आकडा, मग पदार्थ. ‘मला फारशी भूक नाही’, ‘तुमच्यातलंच थोडं घेते’, ‘सूप नको, त्यानं पोट भरतं’... ही वाक्यं भुकेची नसतात, हिशेबाची असतात. पगार मिळवणाऱ्या बायकाही याला अपवाद नाहीत. बजेट किती, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मग ती आपली अंदाजानं स्वतःच्या ताटातच काटकसर करते. खर्च कमी करायचा असेल तर तो सगळ्यांच्या ताटातनं करा ना! नेमका तिच्या वाढदिवसाला तिच्याच ताटातनं कशाला?

पैशाइतकाच मोठा असतो तो संकोच. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटनं साडी नेसल्यामुळं आपल्याला आत घेतलं नाही, अशी एका बाईंची तक्रार होती. ‘साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही’ असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला. रेस्टॉरंटनं आरोप नाकारला, पण ती बातमी वाचून कित्येकींच्या पोटात गोळा आला असेल. आपल्या घरातली नऊवारीतली आजी अशा दारात उभी राहिली तर? इथं एक गंमत आठवते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. ओरड झाल्यावर या चपला भारतीय कारागिरीवरनं सुचल्याचं कंपनीनं मान्य केलं. जी चप्पल मिलानमध्ये उंची ठरते, ती घालून स्वतःच्या गावातल्या उंची हॉटेलात जायला आपण का बिचकावं? भारी काय आणि साधं काय, हे ठरवण्याचा अधिकार आपण उगीचच दुसऱ्याच्या हाती देऊन बसलोय.

आणि शेवटी येतं बिल. ते वाचायचं काम आपण सहसा पुरुषांवर सोडतो आणि पुरुष मोठेपणापोटी ते वाचत नाहीत! पण थोडं ठाऊक असलेलं बरं. नेहमीच्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी पाच टक्के लागतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तोच अठरा टक्के होतो. म्हणजे दोन हजारांच्या जेवणावर एका ठिकाणी कर १०० रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी ३६०. याखेरीज काही ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत ‘सर्व्हिस चार्ज’ लावतात. हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही आणि गिऱ्हाइकावर सक्तीही करता येणार नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. हॉटेल संघटना त्यावर अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. पण असा चार्ज दिसला तर तो काढायला सांगायला लाजायचं कारण नाही. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वाढणाऱ्या पोरानं मनापासून वाढलं असेल, तर त्याच्या हातात बक्षिशी जरूर ठेवा. ती आपल्या खुशीची गोष्ट.

मग हॉटेल निवडायचं कसं? माझ्या मते पहिली पायरी घरातच आहे. चौघांनी बसून आधी बजेट ठरवावं आणि ते जिचा दिवस आहे तिला स्पष्ट सांगावं. ‘तीन हजारांपर्यंत चालेल, आता हॉटेल तू सांग.’ एवढं एक वाक्य तिला मोकळं करतं. मग ती उजवीकडून कार्ड वाचणार नाही.

दुसरी पायरी फोनची. टेबल सांगतानाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. रेस्टॉरंट वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का? कारण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना जिना चढवून नेलं, तर त्यांचा निम्मा आनंद पायऱ्यांवरच संपतो. बायकांचं स्वच्छतागृह वेगळं आणि स्वच्छ आहे का? बार असेल तर बसायची जागा वेगळी आहे का? व्हेज-नॉनव्हेजची भांडी वेगळी ठेवतात का? आपल्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे, पण घरात एखादीचा गुरुवार असतो, कुणाचा श्रावण असतो. एकीनं नुसत्या दही-भातावर भागवायचं आणि बाकीच्यांनी ताव मारायचा, याला एकत्र जेवण कसं म्हणायचं? आणि झुंबरं-कारंजी बघून भुलण्याआधी, गोंगाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येईल का, हेही विचारायला हरकत नाही. प्रेमाच्या माणसांबरोबर जेवायला जातो ते बोलायलाच ना?

आणि हो, तिनं भारी हॉटेल नाकारून साधी खानावळ निवडली, तर तेही आनंदानं मान्य करावं. भाकरी, सुकं मटण आणि वाटीवर वाटी रस्सा, एवढ्यावर तिचा जीव सुखावत असेल तर तेच तिचं पंचतारांकित. किंवा ती म्हणाली, ‘मला मैत्रिणींबरोबर जायचंय’, तर तेही. तोंड वाकडं करू नये. आणि मैत्रिणींनो, कुणी ‘कुठं जायचं?’ असं विचारलंच, तर ‘कुठंही चालेल’ म्हणायची आपली सवयही आता सोडूया. विचारल्यावर नाव सांगायचं, ठसक्यात सांगायचं.

हे सगळं एका जेवणापुरतंच आहे असं मला वाटत नाही. जिला स्वतःच्या वाढदिवसाचं हॉटेल ठरवता येत नाही, तिला घराच्या व्यवहारात, लेकीच्या शिक्षणात, जमिनीच्या कागदावर विचारतो कोण? मोठ्या निर्णयांत मान मिळायची सुरुवात अशा लहान निर्णयांतूनच होते. तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कुणी ‘चला, भारी हॉटेलात जाऊया’ म्हणालं, की त्यांना एवढंच विचारा, ‘जाऊया की! पण तिला विचारलंय का?’