दंड भरल्याने भार हलका होत नाही

ट्रेलरच्या नोंदणीत दोन वजने महत्त्वाची असतात : रिकाम्या वाहनाचे वजन आणि मालासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन. या दोहोंतील फरक म्हणजे नेता येणारा माल. इतका सोपा हिशेब देशभरातील महामार्गांवर रोज मोडला जातो आणि आम्ही प्रशासक त्यातून ‘महसूल’ मोजतो. माझा आक्षेप या मोजण्याला आहे.

ठरावीक रक्कम घेऊन अतिभाराची मुभा देणारी ‘गोल्ड कार्डे’ काही राज्यांनी एकेकाळी वाटली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात ही पद्धत बेकायदा ठरवली; दंड भरला तरी जादा माल उतरवल्याखेरीज वाहन पुढे नेता येणार नाही, हेही स्पष्ट केले. कार्डे गेली, वृत्ती मात्र उरली.

जुन्या मर्यादा अव्यवहार्य आहेत, ही वाहतूकदारांची तक्रार. २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, दुहेरीची १९ वरून २१ टन. आता ती सबब उरलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही किमान २,००० वरून २०,००० रुपयांवर नेला. शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. तरीही दंड घेऊन वाहन सोडून दिले, तर तो दंड राहत नाही, भाडे होते.

ब्रेकला आणि टायरला पावती वाचता येत नाही. रस्त्यालाही नाही : ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की हानी सुमारे सोळापट होते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. आपण लुधियानात राहत असा की बेंगळुरूत, त्या उखडलेल्या रस्त्याची किंमत आपणच मोजता.

‘उतरवलेला माल ठेवायचा कुठे?’ हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वजनकाट्याशेजारी जागा राखणे हे आहे, डोळेझाक हे नव्हे. दुसरे असे की, कायदा केवळ चालकाला दोषी धरत नाही. वाहन तसे चालवायला लावणाराही त्यात येतो. प्रत्यक्षात काट्यावर सापडतो तो पगारी चालक. खाणीत, गोदामात, कारखान्यात माल भरून देणारा नामानिराळा राहतो.

म्हणून वजन आधी भरणीच्या जागी व्हावे, आणि त्या पावतीवर माल भरणाऱ्याची सही असावी. ती सही मागण्याचे धैर्य प्रशासनाने दाखवले, तर महामार्गावरील निम्मा वाद तिथेच मिटेल.